घोडीनं पाय कुणाला दिला

घोडं माणसाला पाठ देतं त्यात विशेष काही नाही. लगाम ओढला, टाच लावली, की नवरदेव असो नाहीतर चोर असो, बसवून चालायला लागतं. पाय मात्र ते कुणालाही देत नाही. चारातला एक पाय उचलून माणसाच्या मांडीत ठेवायचा म्हणजे पळून जायची सोयच त्याच्या हवाली करायची. हे मला कुणी शिकवलं नाही. शाळेत मी तिसरीच्या पुढं गेलो नाही, आणि तिसरीपर्यंत जे कानावर पडलं त्यातलं नालबंदाच्या कामाचं काहीच नव्हतं.

नाशिकरोडला स्टेशनबाहेर टांग्यांचा अड्डा होता, त्याच्या मागं माझी पत्र्याची शेड. भट्टी, भाता, ऐरण आणि बसायला उलटं घमेलं, एवढाच संसार. टांग्याची घोडी, बाजाराला आलेले बैल, सगळ्यांचे पाय माझ्याकडं. त्यातले बाकीचे पाय पोटासाठी. एक पांढरी घोडी होती, तिचे पाय मात्र माझ्यासाठी.

ही घोडी माझ्या एका टांगेवाल्या मित्राची. येवल्याच्या बाजारातून तो तिला घेऊन आला तेव्हा मी बरोबर होतो. खूर बघून 'घे' म्हणणारा मीच. पहिला नाल मी ठोकला आणि पुढचेही सगळे मीच. मी तिच्या खांद्यावरून हात फिरवत खाली आणायचो आणि जीभ टाळूला लावून एकदा टक् करायचो. हात गुडघ्याखाली पोचायच्या आत तिचा पाय माझ्या मांडीत. मालकालाही ती असा पाय देत नसे. तो म्हणायचा,

"दाणा मी घालतो आन् पाय तुला देती. अशी बायको असती तर सोडून दिली असती."

"बायकोनं तुला कवाच सोडलंय," मी म्हणायचो, "फक्त घर सोडायचं राहिलंय."

नव्वदनंतर रिक्षा एवढ्या झाल्या की टांग्याच्या रांगेत टांगे कमी आणि शेळ्याच जास्त दिसायला लागल्या. मित्रानं टांगा मोडीत काढला, घोडी ठेवली आणि वरातीचा धंदा धरला. घोडी दिसायला देखणी, चाल शांत, बँड वाजला तरी कान टवकारायची नाही. काही वर्षं बरी गेली. मग मंगल कार्यालयांचं रूप पालटलं. दारासमोर उतार, उताराला गुळगुळीत फरशी आणि वरून पाणी मारून ती चकचकीत ठेवायची हौस. लोखंडी नाल आणि ओली फरशी यांचं कधी जमलंय? जेल रोडच्या एका लग्नात घोडीचे मागचे पाय सरकले आणि ती बसली. नवरदेव तिच्या मानेला मिठी मारून लोंबकळत होता. बँडवाल्यांना वाटलं हा नाचातलाच प्रकार, म्हणून त्यांनी वाजवायचा जोर वाढवला.

कुणाला लागलं नाही. घोडीचं ढोपराजवळचं कातडं तेवढं सोललं. पण तिनं धसका घेतला. पुढच्या वरातीला फरशी दिसली की थांबायची आणि काही केल्या पाय टाकायची नाही. नवरदेव शेवटी चालत मांडवात.

मित्र शेडमध्ये येऊन बसला. म्हणाला, "वस्ताद, हिचा पाय जमिनीला धरला पायजे. या लग्नसराईत नाय जमलं तर येवला. दुसरं काय करू?"

येवला म्हणजे काय, हे मला सांगायची गरज नव्हती. घसरणाऱ्या, उतारवयाला आलेल्या घोडीला बाजारात कोण घेतं? वीटभट्टीवाला. ओझ्याखाली दोन पावसाळे काढले तरी पुष्कळ.

उपाय नवा नव्हता. देवळालीकडच्या एका हौशी साहेबाच्या घोड्याला आम्ही दोघांनी तो बघितला होता. नालाच्या दोन टोकांना भोक पाडून त्यात आटे पाडायचे आणि पेराएवढी लोखंडी खुंटी पिळून बसवायची. खुंटी जमिनीत रुतते, फरशीच्या सांध्यात अडकते, पाय सरकत नाही. काम झालं की पान्ह्यानं काढून ठेवायची. कायमची जडवली तर घोडं रात्रंदिवस उंच टाचांवर उभं राहतं आणि शिरा धरतात. शिवाय कार्यालयवाले आतल्या टाइल्सवर चरे पडतात म्हणून भांडायला येतात. म्हणून काढता-घालता येणारीच पाहिजे.

मी टांग्याच्या चाकाचे जुने बोल्ट कापून खुंट्या केल्या. घट्ट पिळल्या. वरात पोस्टापर्यंत जाईस्तोवर दोन गळाल्या. एक नवरदेवाच्या मामाला सापडली. त्यानं ती बँडच्या गाडीची समजून ड्रायव्हरला नेऊन दिली, आणि ड्रायव्हरनं इमानदारीनं ठेवूनही घेतली.

त्याच सुमारास आमच्या शेडसमोरच्या घरात एकजण राहायला आला. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून फिटर म्हणून निवृत्त झालेला, मूळचा सटाण्याकडचा, बोलण्यात अहिराणी. ओट्यावर त्यानं लाकडी बाक मांडलं, त्यावर लोखंड पकडायचा वाइस बसवला. आटे पाडायचे टॅप त्याच्याकडं लहानापासून मोठ्यापर्यंत, आणि प्रत्येक टॅप तेलाच्या फडक्यात बाळासारखा गुंडाळलेला. चष्म्याला दोरी. पांढरा सदरा संध्याकाळपर्यंत पांढरा. लोखंडाचं काम करणाऱ्या माणसाचा सदरा पांढरा राहतो, ही गोष्ट मला पहिल्या दिवसापासून खटकली.

मित्र गेला त्याच्याकडं. मला न विचारता गेला. माझ्या शेडमधून चार तयार नाल उचलले, 'आलोच' म्हणाला आणि रस्ता ओलांडला. परत आला तो तोंड भरून.

"बघ बघ, आटा बघ. त्या माणसाच्या हाताला डोळे हायत."

"मग माझ्या हाताला काय मोतीबिंदू झालाय?"

"तू लगेच अंगावर घेतो. खुंट्या बघ तर खऱ्या."

बघितल्या. चौकोनी डोकं, पान्हा बसायला. खाली आटे, चांदीसारखे. नालाच्या जाडीपेक्षा गुंजभर आखूड, म्हणजे टोक वरून खुराला टोचणार नाही. खोट काढायला जागा नव्हती. म्हणून मला ते काम अजिबात आवडलं नाही.

आता माझी पद्धत सांगतो. नाल मी गरम करून ठोकतो. लाल नाही, पण एवढा गरम की खुरावर टेकवला की धूर निघावा आणि खूर जिथं उंच आहे तिथं जळून नालाला बसावं. मग नाल आणि खूर यांच्यात नखाचीही फट राहत नाही. बाजारात थंड नाल ठोकणारे पुष्कळ. त्यांचे नाल पंधरवड्यात वाजायला लागतात. मी थंड नाल बैलालाही ठोकला नाही, या घोडीला कसा ठोकीन? फिटरनं आटे पाडलेले ते चार नाल मी भट्टीत घातले, बेतले, ठोकले. काम झाल्यावर खुंट्या पिळायला घेतल्या तर अर्ध्यात अडकायला लागल्या. जोर लावून बसवल्या. वरातीत आठातल्या तीन गळाल्या. चौथी राहिली ती वाकडी होऊन राहिली.

फिटर रस्ता ओलांडून आला. शेडच्या बाहेरच उभा राहिला. एक भोक चष्म्यातून बघितलं आणि म्हणाला, "दादा, आटा जळना. आटा पाडेल लोखंड कोणी भट्टीमा टाकस का?"

"आणि थंड नाल कोणी खुराला लावतं का?" मी म्हणालो.

"नाल तुमना, मी काय सांगू? पण आटा जळना शे."

मित्र मधे पडला. "वस्ताद, एकडाव थंडच ठोक ना. घोडीसाठी."

"घोडीसाठीच नाही ठोकत."

तेव्हा मी चुकलो नव्हतो आणि आजही तेच म्हणेन. पण बरोबर असण्याचा त्या दिवशी काही उपयोग नव्हता. लग्नाच्या तिथी जात होत्या.

दोन दिवसांनी मित्र घोडी घेऊन आला. नेहमी यायचा तसा शेडकडं नाही, समोरच्या ओट्याकडं. जळलेले आटे साफ करता येतात का बघायला. मी भट्टीजवळ बसून एका बैलाच्या खुराची पत्री घडवत होतो आणि बघत नव्हतो. म्हणजे बघत होतो. फिटर खाली बसला. रस्त्यावरून कांद्याचा ट्रक जात होता, त्याच्या आवाजात बाकी काही ऐकू आलं नाही. ट्रक पुढं गेला तेव्हा घोडीचा पाय फिटरच्या मांडीत होता. पांढऱ्या सदऱ्याशेजारी पांढरा पाय. तिनं खेचून घेतला नाही, शेपूटही हलवली नाही.

पत्री ऐरणीवर थंड झाली. बैलवाला म्हणाला, "बाबा, काय झालं?"

"काही नाही. धूर गेला डोळ्यात."

घरी, शेडच्या मागच्याच खोलीत, बायकोला म्हणालो, "गूळ देतोय तो तिला. खिशात गूळ ठेवतो."

"ठेवत असंल. तुम्ही पण ठेवा," ती म्हणाली. "माणूस चांगला हाय. काल आपला नळ ठीक करून गेला. चहा दिला तर कपबशी धुऊन ठेवली."

"कपबशीत दिलास?"

"मग काय परातीत देऊ?"

मला ती रोज पितळीत चहा देते. दुसऱ्या दिवशी खिशात गूळ टाकून मित्राच्या दारी गेलो. घोडीनं माझा खिसा हुंगला, गूळ खाल्ला, खिशाला लाळ लावली. मी पाय मागितलाच नाही. मागितला आणि नाही दिला तर?

येताना मात्र मित्राकडून वरातीत न गळता उरलेल्या खुंट्या घेऊन आलो. शेडमध्ये एकटा बसून एकेक उन्हात फिरवून बघितली. फिटरचं काम वाईट निघावं अशी माझी मनापासून इच्छा होती. तेवढ्यासाठीच बघत होतो. तर दिसलं काय, की खुंटीच्या डोक्याखाली जिथं ती नालावर टेकते त्या काठावर घासून चकाकी आलेली. पण काठभर नाही, अर्ध्याच भागाला. चंद्रकोरीसारखी. उरलेल्या पाचही खुंट्यांना तसंच.

लगेच कळलं. नाल हातानं घडवलेला. भोकाजवळ लोखंड थोडं फुगतं. त्यात घोडी पाय बाहेरच्या अंगाला जास्त टाकते, म्हणून नाल तिकडून झिजतो. खुंटी सरळ पिळली तरी डोकं एकाच बाजूनं टेकणार. पाऊल पडलं की ती डुलणार. डुलली की आटा सुटणार. आटा जळला म्हणून नव्हे, किंवा नुसता जळला म्हणून नव्हे. आटा सोन्याचा केला असता तरी खुंटी सुटलीच असती. खुंटीला बसायला जागाच नव्हती.

जागा मी करू शकत होतो. नाल गरम असताना भोकावर गोल डोक्याचा ठसा मारायचा, की वाटीसारखा खळगा पडतो. खुंटीची मान त्या खळग्याला बेतून निमुळती केली तर ती बाटलीत बूच बसावं तशी सगळीकडून दाबून बसेल. जेवढी जास्त पिळाल तेवढी घट्ट. पण मान निमुळती करायला फिटरच लागणार. आणि आटे पाडायचे ते नाल खुराला बेतून, थंड करून, ठोकायच्या आधी. म्हणजे घोडी उभी, भट्टी पेटलेली आणि फिटर त्याच्या वाइससकट माझ्या शेडमध्ये.

मी दोन दिवस त्यावर बसून राहिलो. तिसऱ्या दिवशी मित्रानं येवल्याच्या टेम्पोची चौकशी केल्याचं कळलं. जेवताना बायकोला म्हणालो, "त्याला म्हणावं, यायचं तर वाइस घेऊन ये."

"तुम्हीच जा की. समोर तर हाय."

"मी नाही जाणार."

"नका जाऊ. पाय झिजतील. आधी नाल ठोकून घ्या पायाला." आणि ती हात धुऊन गेलीसुद्धा.

फिटर आला. मी म्हणालो, वाइस उंबऱ्याच्या बाहेर लावा, आत धुरानं सदरा खराब होईल. तो हसला आणि बाहेरच लाकडाच्या ओंडक्यावर वाइस बसवला. मी खुंट्या त्याच्यासमोर ठेवल्या आणि चकाकी दाखवली. त्यानं एक उचलली, फिरवली, दुसरी उचलली. चष्मा काढून पुन्हा बघितली.

"हाई मना ध्यानमा नही उनं, दादा," तो म्हणाला.

हे ऐकून मला जेवढं बरं वाटायला पाहिजे होतं तेवढं वाटलं नाही. माणूस इतक्या सहज कबूल करतो, याचाही राग आला. मला ते आयुष्यात जमलं नाही.

दिवसभर काम चाललं. मी नाल घडवला, भोकावर ठसा मारून खळगा पाडला, खुरावर टेकवून धूर काढला, पाण्यात बुडवून उंबऱ्याबाहेर दिला. तो वाइसमध्ये धरून आटे पाडायचा, कानशीनं खुंटीची मान खळग्याला बेतायचा, काजळी लावून बसवून बघायचा. काजळी सगळ्या कडेला सारखी लागली नाही तर न बोलता पुन्हा कानस. तिसऱ्या नालाला माझाच खळगा एका बाजूला गेला. त्यानं परत दिला. "दादा, हाऊ तिरपा शे." मी तो पुन्हा भट्टीत घातला. मित्र घोडीची मान खाजवत दोघांकडं आळीपाळीनं बघत होता, सासू-सुनेच्या मधल्या माणसासारखा.

एक गोष्ट राहिली होती. खुंटी काढल्यावर रिकाम्या भोकात माती आणि शेण जातं, आटे भरतात आणि पुढच्या वेळी खुंटी बसत नाही. फिटर म्हणाला, कापसाचं बूच तेलात भिजवून घालायचं. बायको देवाच्या वाती वळत बसली होती. तिनं मूठभर वाती तेलात बुडवून वाटीतून आणल्या आणि त्याच्या हातात दिल्या. भट्टी माझी, शेड माझी, घोडी माझ्या हाताखालची, वाती माझ्या देवाच्या, आणि वाटी त्याच्या हातात.

दुसऱ्या दिवशीचं लग्न गोरज मुहूर्ताचं होतं. मी वरातीच्या मागं चाललो, थोडं अंतर ठेवून. बँडच्या गोंगाटातही मला नाल ऐकू येतो. सैल खुंटी किणकिणते, बसलेली ठक्क वाजते. मी मोजत नव्हतो, पण कान तिथंच होता. ठक्क, ठक्क. किणकिण नाही. कार्यालयाच्या उतारापाशी फरशी लागली. नुकतंच पाणी मारलं होतं, दिव्यांच्या माळा त्यात दिसत होत्या. घोडी थांबली. मित्रानं लगाम ओढला नाही, नुसता उभा राहिला. घोडीनं नाक खाली नेऊन फरशी हुंगली. मग एक पाय टाकला, त्यावर भार दिला, तो सरकला नाही. दुसरा टाकला. वर दारापर्यंत ती अशी गेली, जशी पूर्वी स्टेशनच्या रस्त्यावरून जायची.

मित्रानं वळून बघितलं. फिटर त्याच्या जवळ होता, म्हणून त्यानं आधी फिटरच्या पाठीवर थाप मारली. जवळ होता म्हणून. मला कळतं. तरी ती थाप मी आजवर विसरलेलो नाही.

नवरदेव उतरला. घोडीला कडेला मोकळ्या जागेत नेलं, खुंट्या काढायच्या होत्या. मित्र माझ्याजवळ येऊन म्हणाला, "वस्ताद, आता येवला नाय. मरंस्तोवर माझ्याच दारात ऱ्हाईल." मी मान हलवली. माझं लक्ष फिटरकडं होतं. त्यानं पान्हा काढला, घोडीच्या खांद्यावरून हात खाली नेला. आता मधे ट्रक नव्हता आणि बँडवाले जेवायला बसले होते. त्यानं जीभ टाळूला लावली आणि एकदा टक् केलं.

माझं टक्. तसंच, थोडं बोजड. इतके दिवस समोरच्या ओट्यावर बसून हा माणूस आटे पाडत होता आणि माझ्याकडं बघत होता. घोडीनं पाय त्याला दिलाच नव्हता. माझ्या आवाजाला दिला होता, आणि तो मधे बसला होता.

चारही पायांच्या खुंट्या काढून झाल्यावर त्यानं वातींची वाटी माझ्यापुढं धरली. "दादा, वाती तुम्ही घाला. तुमनं काम शे."

मी वाटी घेतली आणि घोडीच्या पुढच्या डाव्या अंगाला गेलो. वाकायच्या आत, हात खांद्याला लागायच्या आत, तिनं पाय उचलून माझ्यापुढं धरला. मी जीभ हलवलीसुद्धा नव्हती.

फिटरनं हे बघितलं का, हे मी त्याला कधी विचारलं नाही. पुढं कितीतरी वर्षं आम्ही दोघांनी त्या घोडीचे नाल केले, वाइस उंबऱ्याच्या बाहेर आणि भट्टी आत. तो समोरच उभा होता आणि चष्मा त्याच्या डोळ्यांवर होता. बघितलं असणारच.